खांदा दुखतोय का?

माझं काम खांदे धरायचं होतं. दवाखान्याच्या कागदावर मी नर्स होते. पांढरी साडी, पांढऱ्या चपला, छातीला उलटं टांगलेलं घड्याळ, सगळं रीतसर होतं. पण मंगळवारी आणि शुक्रवारी, म्हणजे तपासणीच्या दोन वारांना, मी टेबलाच्या डोक्याकडे उभी राहायचे आणि आडव्या झालेल्या बाईचे दोन्ही खांदे दाबून धरायचे. डॉक्टरीणबाई पायांकडे बसायच्या, मी डोक्याकडे. मधलं जे काही होतं ते सगळं त्या बाईनं एकटीनं सोसायचं.

ही सत्तर सालच्या आगेमागची गोष्ट. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना राजारामपुरीत होता. वरच्या मजल्यावर बाळंतिणींच्या आठ खाटा, खाली तपासणी. माझं लग्न होऊन दीड वर्षात नवरा गेला, तेव्हा वडिलांनी मला रडत बसू दिलं नाही. ते हातकणंगल्याच्या बाजूला एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांनी मला नर्सिंगला घातलं, आणि पास झाल्यावर मी या दवाखान्यात लागले. उचगावात एक खोली घेऊन एकटी राहायचे. स्वभाव आधीपासूनच तापट, त्यात विधवा, त्यात मिळवती. त्यामुळे माझ्या वाटेला सहसा कुणी जायचं नाही.

खालच्या मजल्यावर चालायची ती सगळी 'दोन मिनिटांची कामं'. मूल नको असेल तर लूप बसवणं. गर्भपिशवीच्या तोंडाला जखम असेल तर डाग देणं. आतून खरवडून तुकडा काढणं. मूल होत नसेल तर पिशवीच्या नळ्यांत हवा भरून बघणं. डॉक्टरीणबाई प्रत्येकीला हेच सांगायच्या, दोन मिनिटांचं काम आहे. मी घड्याळ लावून कधी बघितलं नाही, पण मुंगी चावल्यासारखं वाटेल असं म्हणणाऱ्या माणसाला एकदा त्या टेबलावर झोपवावं, असं मला रोज वाटायचं. भूल वरच्या मजल्यावर होती, ऑपरेशनच्या बायकांसाठी. खाली भूल नव्हती. कळ मारणाऱ्या पेथिडीनच्या इंजेक्शनची पेटी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली डॉक्टरीणबाईंच्या कमरेला. ती अडलेल्या बाळंतिणीसाठी. दोन मिनिटांच्या कामाला कुणी पेथिडीन मागितलं असतं तर आमची आया हसली असती.

या आयानंच मला काम शिकवलं. ती माझ्या आधीपासून तिथं होती. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, "बाईला बोलतं ठेवायचं. तोंड चालू असलं की खालचं कळत न्हाय." मग मी बोलायला शिकले. गाव कुठलं, ऊस किती लावलाय, म्हशी किती, धाकटा दीर काय करतो. बाई उत्तरं द्यायची. चिमटा लागला की उत्तर मधेच तुटायचं. "दोन म्हशी हायत, एक गाभ…" आणि पुढं नुसता ओढलेला श्वास. मी म्हणायचे, "गाभण हाय व्हय? कितवं वेत?" आणि त्याच दमात, "झालं, झालं." झालेलं नसायचं. मला डॉक्टरीणबाईंचे हात दिसत असायचे, ट्रेमधली हत्यारं अजून तशीच पडलेली दिसायची. तरी मी म्हणायचे, झालं. दुखण्यावर आमच्याकडे बडबड हे एकच औषध होतं, आणि त्यातही निम्मी भेसळ.

ओरडायची तर सोयच नव्हती. तपासणीची खोली आणि बाहेरची बसायची जागा यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती, तीही डोक्याच्या उंचीपर्यंत. वर मोकळं. फळीच्या पलीकडे लांब बाकावर सासवा, नणंदा, चुलत्या बसलेल्या असायच्या. आतला चमचा वाजला तरी बाहेर ऐकू जायचा. एखादी ओरडली की बाहेरचं बोलणं बंद व्हायचं. ती बाहेर आली की सगळ्याजणी तिच्याकडे बघायच्या, आणि तिची सासू पदर नीट करत म्हणायची, "आमची जरा नाजूकच हाय." संध्याकाळच्या एसटीनं ही बातमी तिच्याआधी गावात पोचायची. जी गप्प राहिली तिचं कौतुक व्हायचं. धीराची हाय, तोंडातनं ब्र काढला न्हाय. मला 'धीराची' हा शब्द ऐकला की आजही डोक्यात तिडीक जाते.

आणखी एक होतं. डॉक्टरीणबाई मनानं वाईट नव्हत्या. काम करताना त्या मधेच विचारायच्या, "दुखतंय का?" बाई हो म्हणाली तर त्या खरोखर थांबायच्या. हत्यार बाहेर काढायच्या, म्हणायच्या, "श्वास घे, सैल सोड," आणि मिनिटभरानं पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे तेच दुखणं दुसऱ्यांदा. आया आणि मी हे शंभरदा बघितलं होतं. म्हणून आम्ही बायकांना आधीच कानात सांगून ठेवायचो, डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर न्हाय म्हणायचं, लवकर सुटशील. हा सल्ला खोटा नव्हता. न्हाय म्हणणाऱ्या खरंच लवकर सुटायच्या.

फक्त हवा भरायच्या तपासणीची गोष्ट वेगळी होती, आणि ती इथं नीट सांगायला हवी.

एका रबरी फुग्यानं पिशवीत हवा सोडायची. फुग्याला पाऱ्याची नळी जोडलेली. बाईच्या नळ्या उघड्या असतील तर हवा त्यातून पोटात निसटते आणि पारा उतरतो. नळ्या बंद असतील तर पारा चढतो आणि वरच राहतो. पण बाई भ्यालेली असली, दुखून आखडलेली असली, तर नळ्या चांगल्या असूनही आवळून बसतात आणि पारा उतरत नाही. मग खरं काय ते कसं कळायचं? तर खांद्यावरून. पोटात गेलेली हवा, बाई उठून बसली की वर चढते, आणि तिचा खांदा दुखायला लागतो. बहुतेक उजवा. पोटातल्या हवेनं खांदा दुखतो हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा थट्टाच वाटली होती. पण तसंच होतं. बाईला उठवून बसवायचं आणि विचारायचं, "खांदा दुखतोय का?" ती हो म्हणाली की आया फळीवरून बाहेर मान काढून सांगायची, "दुखतोय, दुखतोय," आणि बाकावरच्या सासूचा चेहरा फुलायचा. त्या खोलीत ज्याची सगळे वाट बघायचे असं तेवढं एकच दुखणं.

या खांद्याचं बाईला आधी सांगायचं नाही, असा डॉक्टरीणबाईंचा कडक नियम होता. कारण सांगितलं की सगळ्यांचेच खांदे दुखतात. सुरुवातीला मी एकीला सांगून बसले होते, तर हवा सोडायच्या आधीच तिचा खांदा दुखायला लागला. डॉक्टरीणबाई त्या दिवशी मला फाडून बोलल्या. आणि याच कारणानं या तपासणीला भूल नव्हती, गुंगीचं औषधही नव्हतं. "गुंगीत असलेली बाई खांद्याचं काय सांगणार?" त्या म्हणायच्या. बोलणं बरोबर होतं. मला त्यात खोट काढता आली नाही.

माझी धाकटी बहीण गडहिंग्लजकडं दिली होती. शेतीवाडीचं घर, बागायत, दारात बैलजोडी, आणि सात वर्षं पाळणा हलला नव्हता. सासू माझ्या समोरच म्हणाली होती, "एकदा तपासून घेऊया की. नळ्या चांगल्या असल्या तर थांबतो आणि चार वरसं. न्हाय तर आमचं आम्हाला मोकळं करा." मोकळं करा म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. घरात दुसरी आणायची. कायद्यानं बंदी होती, पण कायदा त्यांच्या वस्तीपर्यंत एसटीनं जात नव्हता. धाकटीचं त्या घरातलं सगळं राहणं आता त्या पाऱ्याच्या नळीवर आलं होतं. तिला स्वतःला हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी दोघी माझ्या खोलीवर उतरल्या. संध्याकाळी सासू बाहेर मालकिणीशी बोलत बसली आणि धाकटी स्टोव्हपाशी भाकरी थापायला. थापता थापता, मान वर न करता तिनं विचारलं, "लई दुखतंय व्हय गं आक्का?"

"दोन मिनिटांचं काम हाय," मी म्हणाले. बघा, माझ्याही तोंडात तेच.

"खरं सांग की."

"दुखतंय. पण सोसण्यासारखं हाय. तुजी सासू फळीच्या पलीकडंच बसणार. आवाज काढू नको. डॉक्टरीणबाई मधेमधे इचारत्यात, दुखतंय का म्हणून. न्हाय म्हणायचं."

"कायबी इचारलं तरी?"

"कायबी इचारलं तरी."

हे शब्द माझेच. मी ते नंतर इतक्यांदा आठवले आहेत की त्यांची झीज व्हायला हवी होती, पण होत नाही. त्या क्षणी खांद्याची गोष्ट माझ्या ओठावर आली होती. नुसतं म्हणायचं होतं, एक प्रश्न सोडून. पण मास्तरांच्या मुली आम्ही. परीक्षेच्या दिवसांत वडील आम्हांला त्यांच्या टेबलाजवळ फिरकू द्यायचे नाहीत, कारण तिथं पेपर असायचे. वर्गात त्यांच्या मुली पहिल्या आल्या तर कुणी बोट दाखवू नये म्हणून. माझ्या मनात आलं, हिला खांद्याचं सांगणं म्हणजे पेपर फोडणं. उद्या ही हो म्हणाली तरी मला कधीच कळणार नाही, खरंच दुखला की मी सांगितलं म्हणून दुखला. मला खरं उत्तर हवं होतं. सचोटीची खाज, दुसरं काय. मी गप्प बसले आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी तिचा तिसरा नंबर होता. ती टेबलावर झोपली, पाय लोखंडी टेकूंवर ठेवले, आणि मी तिच्या डोक्याकडे उभी राहिले. लहानपणी न्हाऊ घालताना धरायचे तसे तिचे खांदे धरले. डॉक्टरीणबाईंना ती माझी बहीण आहे हे माहीत होतं, म्हणून त्या नेहमीपेक्षा हळू बोलत होत्या. मला काही केल्या बडबड सुचेना. हिच्या म्हशी किती ते मला माहीत होतं. दिराचं सगळं माहीत होतं. मी नुसतंच झालं, झालं म्हणत राहिले.

पहिला चिमटा लागला तेव्हा तिनं पदराचा बोळा तोंडात घातला. "दुखतंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तिनं बोळा काढला, म्हणाली, "न्हाय," आणि परत घातला. हवा सोडली. पारा चढायला लागला. तिची बोटं माझ्या साडीच्या निऱ्यांत रुतली. "दुखतंय का?" "न्हाय." पारा चढत गेला आणि वर थांबला. डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप पोटावर ठेवून ऐकलं, कपाळाला आठी घातली, थोडं थांबून पुन्हा फुगा दाबला. तिच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले होते आणि डोळ्यांतून दोन्ही बाजूंना कानात पाणी जात होतं. मी पदरानं पुसलं. पारा शेवटी जरासा खाली आला, पण नीट उतरला असं काही म्हणता येईना.

"खांदाच सांगेल आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बसवा तिला."

मी पाठीखाली हात घालून तिला उठवली. ती बसली. तोंड पांढरंफटक झालं होतं. मग पदर सारखा करायच्या निमित्तानं तिनं डावा हात उजव्या खांद्यावर नेला आणि तिथंच ठेवला.

"खांदा दुखतोय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाय."

"नीट सांग. हा उजवा खांदा? जरासाही?"

"न्हाय जी. कायबी दुखत न्हाय." आणि तिनं माझ्याकडे बघितलं. सांगितलं तसं केलं की नाही, असं.

मी तो खांद्यावरचा हात पाहिला होता. हे मी लपवत नाही. पाहिला होता आणि शंकाही आली होती. पण डॉक्टरीणबाई कागदावर लिहायला लागल्या होत्या, आया पुढच्या बाईला आत घेत होती, आणि फळीच्या पलीकडून सासूचा खोकला ऐकू आला. मी मनाशी म्हणाले, पदर सारखा केला असेल. बहीण आहे म्हणून मी नाही ते बघतेय. कागदावर दोन्ही नळ्या बंद असं लिहिलं गेलं. डॉक्टरीणबाईंनी सासूला आत बोलावून हळू आवाजात सांगितलं. सासूनं सगळं ऐकून घेतलं आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "धीराची हाय हो पोरगी. नशीब न्हाय." दुपारच्या एसटीनं दोघी गेल्या.

पाच महिन्यांनी धाकटी एकटीच आली. दुपारी मी कामावरून परतले तर दाराशी पिशवी घेऊन बसली होती. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "लगीन ठरलं. सासूच्या माहेरची पोरगी हाय. आठवड्यावर आलंय. मी हितं आठ दिस ऱ्हातो, तेवढं उरकू दे." रडली नाही. घरातून घालवणार नव्हते म्हणे, दोघी राहायच्या. तेवढं तरी बरं, असं तीच मला म्हणाली.

मी तिला समोर बसवून डोक्याला तेल लावलं. मान चोळली, खांदे चोळायला घेतले. ती सहज म्हणाली, "उजवा जरा हळू. तुज्या दवाखान्यातनं गेल्यावर दोन दिस वर उचलत नव्हता बघ. खाली एवढं केलं त्यांनी, आणि कळ खांद्यात. असं कसं गं आक्का?"

माझे हात थांबले. "कवापासनं दुखत होता?"

"टेबलावर उठून बसलो की न्हाय, तवाच. सुरी घातल्यागत."

"आणि डॉक्टरीणबाईंनी इचारलं तवा तू न्हाय म्हणालीस."

"तूच म्हणालतीस की," ती म्हणाली. "कायबी इचारलं तरी न्हाय म्हणायचं."

ती मागे वळली. माझं तोंड बघून तिला काहीतरी कळलं, पण काय ते कळलं नाही. मग मला सांगावं लागलं. पारा, हवा, खांदा, सगळं. तेलाचे हात तसेच होते. मी बोलत होते आणि ती ऐकत होती. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "मग आधी सांगायचं न्हाय व्हय." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहिले. त्यांनी जुना कागद काढला, बराच वेळ वाचला. "मी दोनदा विचारलं होतं," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, हो. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाल्या, पुन्हा करू. नाहीतर मिरजेला पाठवते, तिथं नळ्यांत रंग सोडून एक्स-रेचा फोटो काढतात. मी विचारलं, निदान या वेळी काहीतरी देता येईल का, थोडं तरी कमी दुखेल असं. त्या म्हणाल्या, "हवा भरायची तर गुंगी देऊन चालत नाही, हे तुला मी सांगायला हवं का?" नको होतं.

त्याच दिवशी रजा टाकून मी गडहिंग्लजची एसटी पकडली. धाकटीची सासू अंगणात शेंगा निवडत होती. मी सगळं तिला समजावून सांगितलं, जितकं सोपं करून सांगता येईल तितकं. तिनं मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "पावणं, तवा न्हाय म्हणली, आता व्हय म्हणतीया. लगीन आठवड्यावर आलंय. तुमीच सांगा, कुठलं खरं धरायचं?" मी म्हणाले, आत्ताचं खरं. ती म्हणाली, "माजी सात बाळंतपणं ह्याच घरात झाली. कुणाला कळलं न्हाय. दुखणाऱ्या बाईला दुखतंय म्हणता येत न्हाय, असं कुठं असतंय व्हय?" ती हे खरंच विचारत होती, टोमणा नव्हता. निघताना तिनं माझ्या ओटीत शेंगा घातल्या.

तरी मी हट्ट सोडला नाही. घरी येऊन धाकटीला म्हणाले, चल, मी तुला मिरजेला नेते. कुणाला विचारायचं नाही. फोटो हातात आला की मग बघू कोण लग्न करतंय ते.

"ते बी तसंच असतंय? खालनंच?"

"व्हय."

"आणि तसंच दुखतंय?"

या वेळी मी खरं सांगितलं. आयुष्यात खरं बोलायची वेळ मी ही निवडली. "व्हय," मी म्हणाले. "तसंच."

"मग न्हाय," ती म्हणाली. "लगीन हुंदे. मी परत त्या टेबलावर चढणार न्हाय."

मी समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. ती भिंतीला टेकून बसली आणि नुसती मान हलवत राहिली. सात वर्षं ज्या घरात टिकून राहायला ती धडपडली होती ते घर एका बाजूला आणि ती दोन मिनिटं दुसऱ्या बाजूला, आणि ती त्या दोन मिनिटांना भ्याली होती. मला तिचा राग आला. मग आठवलं, तिच्या तोंडातला पदराचा बोळा ती उठून बसल्यावर मीच काढला होता, आणि त्याला रक्त लागलेलं होतं. आठ दिवसांनी मी तिला एसटीत बसवून दिलं.

नवी आली. वर्षभरात तिला मुलगी झाली, मग मुलगा. धाकटी त्यांना अंगाखांद्यावर घेऊन हिंडायची, पत्रात त्यांचे दात आल्याचं लिहायची. नवऱ्यात खोट नव्हती हे आता सिद्ध झालं होतं, आणि गावानं त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. तिच्या नळ्या उघड्या होत्या हे खरं धरणारी माणसं जगात तीनच होती, डॉक्टरीणबाई आणि आम्ही दोघी बहिणी. मी दवाखान्यात खांदे धरत राहिले. कानात सल्ला द्यायचं मात्र सोडलं. उलट बायकांना सांगायला लागले, दुखलं तर दुखतंय म्हणा, विचारलं तर खरं सांगा. त्या माझ्याकडे बघायच्या, मग फळीकडे बघायच्या, आणि टेबलावर जाऊन न्हाय म्हणायच्या.

पंधराएक वर्षांनी माझाच नंबर लागला. पाळी जायच्या वयात अंगावरून जास्त जायला लागलं. तोवर दवाखाना डॉक्टरीणबाईंच्या सुनेकडे आला होता. हुशार, शांत मुलगी. म्हणाली, पिशवीतला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू, भीतीचं काही नसेल. धाकटीला कळवलं तर ती दुसऱ्या दिवशी एसटीनं हजर झाली. सवतीच्या मुलाची शाळा होती, तरी आली. आत कुणाला घेत नाहीत, पण माझं म्हणून तिला आत येऊ दिलं. फळ्या काढून विटांची भिंत बांधली होती. टेबल तेच होतं, वरचं रेक्झिन बदललेलं.

मी आडवी झाले. धाकटी डोक्याकडे उभी राहिली आणि तिनं माझे खांदे धरले.

डॉक्टर म्हणाली, "मावशी, आता तुमच्या वेळेसारखं नाही. दुखलं तर लगेच सांगायचं. मी थांबेन, सुई देऊन तेवढा भाग बधिर करीन, मगच पुढचं. सुई भरूनच ठेवलीय." तिनं मला ट्रेमधली सुई दाखवलीसुद्धा. मी मान हलवली. आयुष्यभर मला जे हवं होतं ते त्या ट्रेमध्ये होतं, आणि त्यासाठी एकच शब्द बोलायचा होता.

पहिला चिमटा लागला. इतक्या बायकांचे खांदे धरून मला वाटायचं, मला माहीत आहे. मला काही माहीत नव्हतं. पोटातून एक कळ निघाली आणि डोळ्यांपुढं खोली पांढरी झाली. माझ्या हातांनी टेबलाची कड आवळली.

"दुखतंय का मावशी?"

"सांग की आक्का," धाकटी वरून म्हणाली. "दुखतंय म्हण."

बाहेर बाकावर माझं कुणीच बसलेलं नव्हतं. सासू नाही, नणंद नाही. मी तोंड उघडलं.

"नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नाही. काही दुखत नाही. तुम्ही करा."

धाकटीनं माझ्या खांद्यांवरचे आपले हात काढून घेतले.